लाडीच्या तोंडाचं माप

"आले. पागनीस आले," कोणीतरी हळूच म्हणालं, आणि उज्जैनच्या टांग्यांच्या अड्ड्यावरचं बोलणं थांबलं.

यज्ञेश्वर पागनीस सायकलवरून उतरला. हँडलला पिशवी होती आणि पिशवीत माधव नगरातल्या एका अल्सेशियनचा गळपट्टा. पण हे अड्ड्यावर कोणाला ठाऊक? जो तो आपापल्या जनावराच्या आड झाला. एकाने तर भर उन्हात खरारा करायला घेतला.

"कुत्ते का पट्टा है भाई, देख लो," यज्ञेश्वरने पिशवी उघडून दाखवली.

कोणी बघितलं नाही. विष्णू तेवढा आपल्या टांग्याच्या पायरीवर सरकला. "बसा भाऊसाहेब. यांचं काय एवढं मनावर घेता? यांना टेम्पोवाल्यांचा राग आहे, तो तुमच्यावर काढतात."

यज्ञेश्वर बसला. समोर लाडी उभी होती, विष्णूची घोडी. डोळ्यांना झापडं, तोंडावर सगळा साज, पाठीवर विष्णूच्या बायकोने, शोभावहिनींनी शिवलेली झूल. यज्ञेश्वरचा वास ओळखून तिने कान हलवले. अख्ख्या अड्ड्यात त्याच्याकडे पाहून आनंदणारं आता एवढंच एक जनावर उरलं होतं, आणि हा एक माणूस.

आता यात यज्ञेश्वरचा काय गुन्हा, ते ऐका. पागनिसांचे पूर्वज दरबारच्या पागेत कारकुनी करायचे. खरं दोरीकाम घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांचं, पण आजोबांना नाद लागला आणि तो नाद घरात राहिला. यज्ञेश्वर मिलमध्ये होता. मिल बंद पडली तेव्हा त्या नादावरच पोट चालू लागलं. महूच्या छावणीतून भंगारात निघणारी पॅराशूटची दोरी तो आणायचा. भैरवगढच्या रंगाऱ्याने तिच्यापुढे हात टेकले होते. म्हणाला, ही दोरी रंग पीतच नाही. तेव्हा पांढरी किंवा लष्करी हिरवी, मिळेल ती. तिच्यातून तो लगाम विणायचा, कुत्र्यांचे पट्टे करायचा, महूचे कोणी अफसर रानात रपेटीला जात त्यांच्यासाठी लांब कासरे वळायचा. पण त्याचा हातखंडा म्हणजे म्होरकी. घोड्याच्या तोंडावर चढवायची, एकसंध दोरीची. कुठे कापायची नाही, कडी नाही, बक्कल नाही, नुसत्या गाठी. गाठ जिथे बसली तिथे माप ठरलं.

आणि रिवाज असा, की जनावर विकलं तरी त्याची दोरी विकायची नाही. दोरी गेली तर घराची बरकत जाते. विकणाऱ्याने आपली म्होरकी आपल्या हाताने उतरवून ठेवायची, घेणाऱ्याने आपली नवी आणून चढवायची. पूर्वी या रिवाजाने यज्ञेश्वरचे लाड व्हायचे. अड्ड्यावर नवी घोडी यायची, नवी म्होरकी लागायची, वर पेढे मिळायचे. पण सिंहस्थ झाला, गावात टेम्पो आले, आणि जनावरं फक्त जायला लागली. कोणी वरातीसाठी नेली, कोणी कुठल्या मेळ्यात. म्होरकी मात्र प्रत्येकीला नवी, आणि करणारा पागनीस. तो पिशवी घेऊन दिसला की समजायचं, आज कोणाची तरी घोडी सुटणार. एकदा पाठीमागून 'गिधाड' असंही ऐकू आलं होतं. धंदा बरा चालला होता आणि माणूस पार थकून गेला होता.

"तुम्ही फालतूचं मनाला लावून घेता," बायको सुलू म्हणायची. "आपण नाही केली तर ते बाजारातून आणतील. घोडी काय थांबणार आहे?"

"थांबणार नाही. पण मी दिसणार नाही ना तिथे."

"मग कुत्र्यांचंच करा. टावर चौकात बघा, कुत्र्यांचे पट्टे हातोहात विकले जाताहेत. कुत्रं कोणी विकत नाही."

बोलणं खोटं नव्हतं. पण घोड्याच्या तोंडावर फिरलेल्या हातांना कुत्र्याच्या मानेत रस वाटेना, तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

त्या रविवारी सकाळी देवासचे भय्यासाहेब दारात उभे राहिले. बँडवाले, वरातीच्या घोड्या ठेवायचे. ऐसपैस माणूस, ऐसपैस बोलणं.

"पागनीस, एक म्होरकी पाहिजे. एकदम फर्स्टक्लास. गळ्याशी गोंडा सोडा. घोडी पक्की झाली आहे, गुरुवारी नेणार."

"कशी आहे घोडी?"

"सफेद. कपाळावर तांबूस डाग. डावा कान टोकाला जरा फाटका, पण सेहरा बांधला की झाकला जातो. स्वभाव गायीचा. तुमच्या इथलीच आहे, माप घ्यायला जाऊन या."

यज्ञेश्वरच्या हातातली दोरी तशीच राहिली. तो फाटका कान त्याने स्वतः हळद भरून बांधला होता.

"माप नको," तो म्हणाला. "माप आहे माझ्याकडे."

भय्यासाहेब गेल्यावर सुलूने विचारलं, "लाडी ना?"

"हो."

"विष्णूभावजी काही बोलले नाहीत?"

"नाही बोलला. आणि मी माप घ्यायला गेलो तर त्याला बोलावं लागेल. चार दिवस तरी त्याला बसू दे माझ्याशेजारी."

खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच बसायचं होतं. एकाच अड्ड्यावर एकाच पायरीची जागा उरलेली, तीही आता जाणार. माप घेतल्याशिवाय म्होरकी करायची नाही, हा आजोबांपासूनचा नियम त्याने पहिल्यांदा मोडला. लाडीचं तोंड त्याला पाठ होतं. गेल्या दसऱ्याला केलेल्या म्होरकीच्या गाठी त्याच्या बोटांत होत्या, त्याच त्याने पुन्हा घातल्या. चार दिवस तो पायरीवर बसला, विष्णूही बसला, आणि दोघं पावसापाण्याचं बोलले.

गुरुवारी यज्ञेश्वर नवी म्होरकी घेऊन गेला तेव्हा विष्णूच्या अंगणात सात-आठ माणसं जमली होती, बहुतेक अड्ड्यावरचीच. लाडी साजाशिवाय उभी होती, अंगावर नुसती जुनी म्होरकी. शोभावहिनी उंबऱ्यात हळदकुंकवाचं ताट घेऊन होत्या.

"या भाऊसाहेब," विष्णू म्हणाला. "तुम्हीच येणार, माहीत होतं."

"मला रविवारीच कळलं होतं."

"मला पण कळलं होतं, की तुम्हाला कळलं आहे."

एवढंच. वहिनींनी लाडीच्या कपाळाला कुंकू लावलं. विष्णूने म्होरकी सोडली आणि आपल्या खांद्यावर टाकली. घोडी मोकळ्या तोंडाने उभी राहिली. कुठे पळाली नाही, पाऊलही हलवलं नाही. भय्यासाहेबांनी नवी म्होरकी चढवली आणि सोडली.

ती घसरली. नाकावरचा पट्टा खाली नाकपुड्यांवर आला, गळ्याचा फेरा सैल लोंबला.

"हे काय?" भय्यासाहेब म्हणाले. "ही तर मोठी झाली." मग त्यांनी लाडीच्या गालावरून हात फिरवला, तो मानेवरून बरगड्यांवर आणला. झूल नव्हती. "अरे विष्णू, त्या दिवशी झूल घालून दाखवलीस मला. ही तर वाळली आहे. खायला घालत होतास की नाही तिला?"

वहिनी ताट घेऊन आत गेल्या. विष्णूची मान खाली गेली ती वर येईना.

तेव्हा यज्ञेश्वरला दिसलं. रोज तो या घोडीसमोर बसत होता, आणि रोज दिसणाऱ्याचं वाळणं दिसत नाही. गाल बसले होते, जबड्याची हाडं वर आली होती. सवारी नाही तर दाणा कुठला? विष्णूने कोणाला कळू दिलं नव्हतं, आणि यज्ञेश्वरच्या पाठ असलेल्या मापाने ते सगळ्यांसमोर उघडं केलं होतं. माप घ्यायला आला असता तर दोघांतच राहिलं असतं. यज्ञेश्वरला आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"घोडी आहे तशीच आहे भय्यासाहेब," तो म्हणाला. "या दिवसांत जनावर उतरतंच थोडं. चूक माझी आहे. दुसऱ्या घोडीच्या मापाची करून बसलो."

"दुसऱ्या घोडीची? तुम्ही तर म्हणालात, माप आहे."

"होतं. घोटाळा झाला. हल्ली होतो माझा घोटाळा."

अड्ड्यावरची माणसं त्याच्याकडे बघायला लागली. पागनिसांची म्होरकी मापाला चुकली, हे उज्जैनमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

"कमाल आहे," भय्यासाहेब म्हणाले. "नाव ऐकून आलो होतो यार. अजून दोन घोड्या घ्यायच्या आहेत मला. त्यांचं मग इंदूरलाच बघतो."

"बघा. ही मात्र नीट करून देतो."

तो लाडीच्या तोंडाशी उभा राहिला. नायलॉनची ओढून बसवलेली गाठ सहज सुटत नाही. नखांनी उकलावी लागते, मग दोरीवरून पुढे सरकवून पुन्हा आवळावी लागते. तो एकेक गाठ आत घेत गेला. गाठीगाठीला घोडी किती वाळली ते त्याच्या बोटांना कळत होतं. लाडी मान खाली घालून शांत उभी होती. शेवटची गाठ आवळेपर्यंत त्याच्या दोन नखांतून रक्त आलं होतं, ते त्याने धोतराला पुसलं.

"आता बसली," भय्यासाहेब म्हणाले, आणि कासरा धरून घोडी घेऊन निघाले.

माणसं पांगली. जाताना त्यांच्यातला एक म्हातारा यज्ञेश्वरपाशी क्षणभर थांबला, "चलते हैं पागनीस साब," म्हणाला आणि गेला. विष्णू आणि यज्ञेश्वर देवासच्या रस्त्यापर्यंत लाडीच्या मागे मागे गेले. पांढरी पाठ ट्रकांच्या गर्दीत दिसेनाशी झाली तेव्हा परत फिरले.

"भाऊसाहेब," विष्णू म्हणाला, "माप बरोबर होतं तुमचं."

"नव्हतं रे."

"दसऱ्याचं होतं. मी ओळखलं."

"नव्हतं म्हणतो ना. वय झालं माझं."

विष्णू रस्त्याच्या मधोमध चालत होता, घोडीला हाताशी धरून चालवताना चालतो तसा, एक बाजू मोकळी सोडून. मागून टेम्पो हॉर्न वाजवत होता. त्याला ऐकू येत नव्हता, की ऐकायचा नव्हता, कोण जाणे. यज्ञेश्वरने त्याचा दंड धरला आणि त्याला हळूच कडेला घेतलं.