बांधणाऱ्याचं नाव

बनाबाई दर बाजाराच्या दिवशी इंदापूरहून एसटीनं बारामतीला यायची, ती लेकाचं नाव बघायला. उसाची बिलं करणाऱ्या संगणक केंद्रात मल्हार कामाला होता. तिथल्या मशीनवर लिनक्स होतं आणि त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, मल्हारनं स्वतः बांधला होता. मशीन चालू झालं की बांधणाऱ्याचं नाव पडद्यावर उमटायचं. अठ्ठ्याण्णव साली उसाच्या ट्रॉलीला मोटरसायकल धडकून मल्हार गेला, नाव तेवढं मागं राहिलं. बाईला वाचता येत नव्हतं. त्याच्या शेजारी काम करणारी राजनंदिनी बोट ठेवून दाखवायची. त्यापायी चांगलं चालतं मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे. साहेब कुरकुरत, पण आईपुढं बोलायची कुणाची छाती?

मशीनला प्रोसेसर दोन होते. मल्हारच्या कर्नेलला एकच चालवता यायचा, दुसरा नुसता बसून खायचा. हंगाम तोंडावर आला तसं साहेबांनी राजनंदिनीच्या मागं टुमणं लावलं, दोन्ही चालव म्हणून. तिनं नवा कर्नेल कंपाइल केला, म्हणजे बांधून काढला. आधी तोंडघशी पडली, मग जमलं. पण आता पडद्यावर नाव येणार होतं तिचं. ज्याच्या खात्यातून बांधावा त्याचंच नाव उमटायचं, म्हणून शेवटी मल्हारच्या खात्यात शिरून तिनं तो पुन्हा बांधला आणि बसवला.

बनाबाई आली. नावावर बोट फिरवून झालं.

“ही खालची ओळ नवी दिसतीया. कसली गं?”

“आता दोन्ही प्रोसेसर चालत्यात, मावशी,” राजनंदिनी बोलून गेली.

बाईनं बोट काढलं. “दुसरा मल्हारला जमत न्हवता. जेवताना बी त्येच बोलायचा. कुणी केलं?”

“मी.”

“मग त्येचं नाव कशापायी? माझ्या लेकानं दुसऱ्याच्या कामावर कधी नाव न्हाय लावलं. तुझं घाल.”

“मग तुमी हितं कशाला याल?”

“न्हाय यायची.”

राजनंदिनीला रडू फुटलं. नाव बाईसाठी ठेवलं, असं ती स्वतःला बजावत आली होती. खोटं होतं ते. रोज सकाळी ते नाव तिलाच हवं असायचं. बनाबाईला हे कधीचंच कळलं असावं. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बांध. मी बसते.”

कंपाइल होईस्तोवर बाई पडद्याकडं बघत बसली. मशीन उठलं. राजनंदिनीनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. “बरं हाय,” म्हणून बाई एसटी गाठायला निघाली.

पुढच्या बाजाराला राजनंदिनीनं चालतं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आलं कुणीच नव्हतं.