पाटाच्या तोंडावरचा दगड

मी एक जुना दगड आहे. हसू नका, मित्रांनो! दक्षिण अमेरिकेतल्या आंदीजच्या डोंगरात आमच्या गावाच्या पाटावर मी साठ वर्षं काम केलंय. मला सरकवून लोक पाणी आपापल्या शेताकडे वळवायचे. ज्याची पाळी, तो माझ्याभोवती आपल्या घरची रंगीत लोकर बांधायचा. दुसऱ्याची लोकर असली की मला कुणी बोटही लावत नसे.

एकदाच गावातल्या तिबुर्सिओने लावलं आणि पाणी आपल्या शेताकडे वळवलं. पाट साफ करायच्या दिवशी सगळं गाव एका चादरीभोवती बसून उकडलेले बटाटे खातं. त्या वर्षी त्याला कुणी रागावलं नाही, फक्त शेजारी कुणी बसलं नाही. त्याने हातातला बटाटा तसाच परत ठेवला. शेवटी तो स्वतःहून एउलोखियाच्या दारी माफी मागायला गेला, कारण वळवलेलं पाणी तिच्या पाळीचं होतं.

पुढे काही वर्षांनी गावसभेने माझ्या जागी लोखंडी दार बसवलं, कुलूप लावलं, पाळी मोडणाऱ्याला दंड ठरवला. मला गवतात ढकललं. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. म्हटलं, चला, सुटलो राखणीतून!

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. एउलोखियाचे बटाटे ऐन फुलावर होते आणि तिच्याच पाळीला तिबुर्सिओच्या मुलाने, नाझारिओने, कुलूप तोडलं. ती त्याला माझ्याजवळच भेटली.

"नाझारिओ, पाळी माझी होती रे."

"दंड भरलाय मावशी. पावती दाखवू? आता कशाला तोंड पाडायचं?"

तो निर्लज्ज नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं की विषय संपला. गावालाही तसंच वाटलं. चादरीभोवती लोक त्याला खेटून बसले. कुलूप तोडायला पहार कुणाची मागून आणलीस, म्हणून त्याची चेष्टासुद्धा केली.

त्या वर्षी एउलोखियाचे बटाटे गोट्यांएवढे निघाले. हिवाळाभर तिच्या घरी पातळ सूपच शिजलं.

पुढच्या वर्षी कुलूप पुन्हा तुटलं. या वेळी हातोडा एउलोखियाच्या हातात होता आणि पाळी होती शेजारच्या म्हातारीची. एउलोखियाने दंड भरला, पावती घडी करून शालीआड ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मित्रांनो, कुलूप असू द्या, दंडही असू द्या. पण कुणी दंड भरून आलं की त्याला एवढं विचारा, ज्याचं शेत वाळलं त्याच्या दारी जाऊन आलास का? एउलोखियाला हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती गेली असती. मी तिला ओळखतो.