ढोलवाल्याची कंबर

चाळीस वर्षांच्या शिवणकामात माझ्या मापांच्या सतरा वह्या भरल्या होत्या. भावाच्या मुलीने दोन महिने बसून त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि मला न विचारता रद्दीत देऊन टाकल्या. पंचवीस वर्षांची घोडी झाली तरी घरात तिला अजून चिमणीच म्हणतात. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी बोलले, कारण एका गिऱ्हाइकाचं माप हवं होतं.

मग ती मला शिकवायला बसली. सिलेक्ट म्हणजे दाखव, इन्सर्ट म्हणजे नवीन घाल, अपडेट म्हणजे बदल, डिलीट म्हणजे काढून टाक. कुणाचं ते सांगायला पुढे व्हेअर लिहायचं. शेवटी कमिट म्हटलं की बदल पक्का, मग माघार नाही. हे सगळं मी अस्तराच्या तुकड्यावर खडूने लिहून घेतलं. चिमणी हसली. हसू दे, मला कापडावरचंच लक्षात राहतं.

मंगळवारी सकाळी बँडमधल्या ढोलवाल्याचा निरोप आला: गणवेशाची पँट शिवायला घ्या, पण कंबर आता अडतीस नाही, चव्वेचाळीस धरा. चिमणी बाहेर गेली होती. एवढ्याशा कामासाठी तिची वाट कशाला बघायची, म्हणून मीच अपडेट लिहिलं, कंबर चव्वेचाळीस लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की एक हजार दोनशे सहा ओळी बदलल्या. मला वाटलं, यंत्राला जरा फुशारकी मारायची सवय असेल.

मग पोस्टातल्या बाईंचं माप पडद्यावर काढलं. बाई अगदी काडी, आणि कंबर चव्वेचाळीस. मुख्याध्यापकांचीही चव्वेचाळीस. माझी स्वतःचीसुद्धा तेवढीच, आणि ती तर निव्वळ बदनामी होती. व्हेअर लिहायचं राहिलं होतं. कुणाची कंबर ते मी सांगितलंच नाही, म्हणून त्याने सगळ्यांची बदलली. वह्या केव्हाच लगदा होऊन गेल्या असतील. चाळीस वर्षं आपण एका बटणात पुसून टाकली, असं वाटून मला रडू आलं. आणि वह्यांवरून चार दिवस तोंड वाकडं करून बसलेली बाईही मीच.

चिमणी आली तेव्हा मी लपवाछपवी केली नाही, सगळं सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची होती, पण आज करू, उद्या करू म्हणत ती राहून गेली, असं ती पुटपुटली. मग खुर्ची ओढून बसली.

"आत्या, कमिट लिहिलंस?"

"नाही."

"का? मी तर सांगितलं होतं."

"गिऱ्हाइकाने अंगात घालून बघितल्याशिवाय मी पक्की शिलाई मारत नाही. तोवर कच्चा टाका. चाळीस वर्षांची सवय तुझ्या यंत्रासाठी मोडू का?"

मग तिने रोलबॅक, म्हणजे कच्चं ते उसव, एवढा एकच शब्द लिहिला. पोस्टातल्या बाई पुन्हा सव्वीस झाल्या, मुख्याध्यापक छत्तीस. माझी सांगत नाही. मी डोळे पुसले, तिनेही पुसले. दुसरं काही करायच्या आधी तिने सगळ्याच्या दोन प्रती काढल्या.

नंतर तिने मला नीट दाखवलं. आधी सिलेक्टला व्हेअर लावून कोण येतं ते बघायचं, आणि मगच तेच व्हेअर अपडेटला लावायचं. पडद्यावर ढोलवाला एकटाच आला. एकच ओळ बदलली. ती कमिट लिहायला गेली आणि मध्येच थांबली. मी पँट कापायला घेतली.

संध्याकाळी ढोलवाला कच्च्या टाक्यांची पँट घालून आरशासमोर उभा राहिला. त्याने श्वास सोडला आणि कमरेचे टाके तटातट तुटले. शिवणाचं नाव काढलं की पळून जाणाऱ्या चिमणीने माझ्या हातातून टेप घेतली आणि त्याच्या कमरेभोवती फिरवली.

"सेहेचाळीस," ती म्हणाली. "आत्या, आता करू पक्कं?"

मी म्हटलं, आता कर.