मासा छाप

"हे भंगार घरात आणायला तुला सांगितलं कुणी?" मिस्त्री खाटेवरूनच ओरडला.

मिस्त्रीण अजून उंबऱ्याच्या आतही आली नव्हती. घामानं निथळत ती अंगणात उभी होती. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात निखळलेलं मडगार्ड. मागचं चाक फिरतच नसल्यानं मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत सायकल तिनं अर्धी ढकलत नि अर्धी उचलत आणली होती. दंडाला गंज लागला होता, पोटरी खरचटली होती.

"बघितली तरी का तुम्ही?" ती म्हणाली, आणि बोलून बसल्यावर जीभ चावली.

"बघायला कशाला लागतं? कानाला कळतं. फाटकापासून रडत आली ती. कुणाकडून घेतलीस?"

"भंगारवाल्याकडून. विहिरीवरचा बंद पडलेला पंप दिला त्याला नि ही घेतली."

"पंप चांगला होता माझा!"

"चांगला होता तर पाणी का ओढत नव्हता?"

मिस्त्री कुशीवर वळला. भांडण त्याच्याकडून असंच संपायचं. भिंतीकडे तोंड केलं की झालं. दोन वर्षांत त्या भिंतीचा पोपडासुद्धा त्याच्या श्वासानं ओला होऊन पडला असेल, असं मिस्त्रीण धाकट्या जावेला म्हणायची.

तसा हा माणूस आधीपासून आडवा पडणारा नव्हता. रस्त्याच्या वळणावर पत्र्याखाली त्याचं सायकलचं दुकान होतं. गावाचं अर्धं हसणं-बोलणं तिथं चालायचं. कुणाचं चाक आऊट झालं, कुणाची चेन उतरली, सगळे मिस्त्रीकडे. मग गावात मोटारसायकली आल्या आणि त्याच सुमाराला त्याच्या डोळ्यांतला दाब वाढला. आधी कडा गेल्या. बाजूनं आलेलं माणूस त्याला दिसेना, लोकांना वाटे मिस्त्रीला गर्व झाला. डॉक्टरकडे गेले तोवर उशीर झाला होता. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपा, असं डॉक्टर म्हणाले. पण राहिलेलंही राहिलं नाही. दुकान मोडलं त्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "हत्यारं देऊन टाक कुणाला तरी." तिनं "दिली" म्हणून सांगितलं आणि पोत्यात बांधून गोठ्यात चाऱ्यामागं ढकलली. का ढकलली, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. देवघेवीचं बोलायला, गिऱ्हाईक शोधायला अंगात त्राणच नव्हतं, हेही एक कारण असेल.

तेव्हापासून रान तिच्या एकटीच्या अंगावर आलं. ओढ्यापलीकडं टोमॅटो होते. सकाळी तोडायचे, क्रेट भरायचे नि फाट्यावर टेंपो येतो तिथवर डोक्यावरून न्यायचे. एक क्रेट नेऊन टाकला की दुसऱ्यासाठी परत. तिची मान अशी आखडली होती, की मागून कुणी हाक मारली तर सगळं अंगच वळवावं लागे. सायकल असती तर दोन क्रेट कॅरिअरला बांधून ढकलत नेता आले असते. बसायची तिला हौस नव्हती. तिला सायकल चालवता येतच नव्हती. सायकलवाल्याची बायको नि सायकल येत नाही, म्हणून सासरी सगळ्यांनी चेष्टा करून झाली होती. शिकवायला मिस्त्रीला सवड कुठं होती?

सायकल आठवडाभर अंगणात भिंतीला टेकून राहिली. मिस्त्री हगायला जाताना-येताना तिला अडखळे नि शिव्या देई. एका दुपारी मिस्त्रीण रानातून आली तर तो भिंतीशी उकिडवा बसला होता. हात सायकलच्या पुढच्या काट्यावर. बोटं काट्याच्या खांद्यावरून अशी फिरत होती, जशी ती वासराच्या पाठीवरून फिरवायची.

तिनं घागर आवाज न करता खाली ठेवली.

"आलीस ना? कळलं मला," तो म्हणाला. "ही होडी छापाची आहे."

"कशावरनं?"

"काट्याची मान बघ. दोन बाजूंनी गोल, मधे चपटी. दुसऱ्या कुणाची अशी नसते. पुढं पितळेचा बिल्ला असायचा, होडी नि खाली लाटा. पडलाय तो, पण रिबिटांची भोकं आहेत, हे बघ, हात लाव. जुनी आहे. तुझ्या माझ्या लग्नाच्या आधीची. असलं लोखंड आता मिळत नाही." मग थोडं थांबून, "पायडलच्या पेटीत वाटी फुटलीय. छर्रे पार गेलेत. पाने असते तर..."

मिस्त्रीण गोठ्यात गेली. पोतं ओढत आणून तिनं त्याच्या पुढ्यात टाकलं. हत्यारं वाजली. मिस्त्रीनं आत हात घातला, एक पाना बाहेर काढला, तो तळव्यावर तोलला.

"दिली म्हणाली होतीस."

"कोण घेतंय? तुमच्यासारखीच जुनी ती."

 त्या संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून झोपला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. काम म्हणजे तो बसून सांगायचा नि ती करायची. गंजलेल्या नटांना तेल सोडून ठेवायचं, पायडलच्या दांड्यातली कॉटरची पाचर ठोकताना खाली लाकूड धरायचं, प्रत्येक छोटा तुकडा ताटलीत क्रमानं मांडायचा. ती क्रम चुकली की तो खेकसे. "डोळे आहेत ना तुला?" असं म्हणे. ती म्हणे, "डोळे आहेत, पण दिवसभर रानात राबून आलेत ते." एकदा तिनं ताटली आपटली नि सगळे छर्रे अंगणभर पळाले. दोघं अंगणात रांगत छर्रे शोधू लागली, एक डोळ्यांनी नि एक हातांनी. धाकटी जाऊ कुंपणावरून बघून म्हणाली, "अगं बाई, काय हरवलंय म्हणायचं?"

"अक्कल," मिस्त्री म्हणाला. "दोघांची."

होडी छापाची वाटी नि अॅक्सल तालुक्याच्या गावी जुन्या सामानाच्या दुकानात मिळेल, असं त्यानं सांगितलं. मिस्त्रीण एक दिवस तोड बुडवून एसटीनं गेली. दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झाडून डबा काढला नि वाटी दिली. घरी आणली तर ती बसेना. आटे धरायचे नि अर्ध्या फेऱ्यात अडायचे. "दुसरी दिली असेल त्यानं," मिस्त्री म्हणाला. ती पुन्हा गेली. दुकानदारानं डब्यावरचं होडीचं चित्र दाखवलं. "मावशी, होडीची हीच. दुसरी नसतेच."

परत आल्यावर मिस्त्रीनं पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. आतून कर्रकन आवाज झाला. तो तिलासुद्धा कळला. आटे कापले गेले होते.

मिस्त्रीनं आट्यांवरून बोट फिरवून बघितलं. मग पाना त्यानं असा भिरकावला की माठाचं तोंड उडालं नि पाणी अंगणभर झालं.

"डोळे गेले तेव्हा मी म्हणालो होतो, बोटं तर आहेत. तीही गेली. उचल हे सगळं. भंगारवाला आला की दे त्याला. मलाही दे."

तो जाऊन पडला. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चहाही घेतला नाही. मिस्त्रिणीला राग आला, मग रडू आलं, मग तेही दमलं. तिला वाटलं, कुठून ही सायकल घरात आणली. पडला होता तो, पण निदान जेवत तरी होता. आपणच त्याला उठवला नि आपणच पुन्हा आडवा केला.

तिसऱ्या प्रहरी ती रानातून आली नि सावलीत टेकली. स्वयंपाकाला उठायचं होतं, पण पाय उठेनात. सायकल पुढ्यातच उलटी पडली होती. काहीतरी हाताला चाळा म्हणून तिनं काचेचा तुकडा घेतला नि मधल्या नळीवरचा रंग खरवडायला लागली. रुपेरी रंग निघाला, खाली निळा आला. निळ्याखाली गर्द हिरवा, आणि त्या हिरव्यावर केसासारखी बारीक सोनेरी रेघ. काय सुरेख रेघ होती! कुणीतरी श्वास रोखून मारलेली. रेघ काट्यावर कशी गेली असेल म्हणून तिनं काटाही खरवडला. तिथं रुपेरीखाली थेट लाल. निळा नाही, हिरवा नाही, रेघ नाही.

तिनं पुन्हा खरवडून बघितलं. दुसरीकडून बघितलं. मग ती तशीच आत गेली.

"ऐकलं का? काटा लाल आहे."

"असू दे."

"नळ्या हिरव्या आहेत. सोनेरी रेघेच्या. काटा तेवढा लाल. अहो, काटा दुसऱ्याच सायकलीचा आहे! कुणीतरी मागनं बसवलाय. तुमची बोटं काट्याबद्दल खरंच बोलली, पण बाकीची सायकल त्याची नाही."

 ती तशीच उभी राहिली. मग खाट करकरली.

"हिरवी कशी? पानासारखी की बाटलीसारखी?"

"बाटलीसारखी. काळपट."

"रेघ एक की दोन?"

"एक. टोकाला जरा वाकलीय, शेपटीसारखी."

मिस्त्री भिंत धरत बाहेर आला, अंगणात बसला. "मागच्या चाकाचा कान बघ, चाकाचा दांडा अडकतो तो. डावीकडचा. आतल्या अंगानं. काही कोरलंय का?"

तिनं काच चालवली. गंजाची पापडी उडाली. "आकडे आहेत. आणि आकड्यांच्या आधी काहीतरी... मासोळी आहे, इवलीशी."

मिस्त्रीनं तिचं बोट धरून त्या खुणेवर स्वतःचं बोट नेऊन ठेवलं. 

"मासा छाप," तो म्हणाला. "माझ्या वस्तादाकडं एकच होती. तिला तो आम्हा पोरांना हात लावू द्यायचा नाही. कारखाना कधीच बंद पडला. हिचे आटे बारीक. होडीची वाटी हिला जन्मात बसली नसती." मग खालच्या आवाजात, "मी काट्यावर थांबलो. पुढं हातच नेला नाही. वस्तादानं कानाखाली वाजवली असती."

"जेवता का आता?"

"वाढ."

मासा छापाचं सामान कुठंच मिळणार नव्हतं. कापलेले आटे दोघांच्या जिवाला लागून राहिले. शेवटी ती सांगाडा खांद्यावर घेऊन लेथवाल्याकडे गेली, आणि मिस्त्रीही तिच्या पदराला धरून बरोबर गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो फाटकाबाहेर पडला होता. रस्त्यात लोक थांबून बोलू लागले तेव्हा तो चिडला, "चल, चल," म्हणत राहिला, पण मान ताठ झाली होती. लेथवाल्यानं पेटीत आतून नळी बसवून नवे आटे पाडले, आणि साध्या सायकलची वाटी त्यात बसेल असं करून दिलं. "असली नाही राहिली आता," मिस्त्री म्हणाला. लेथवाला म्हणाला, "चालेल तर खरी, मिस्त्री." 

रंग द्यायचा नाही, असं मिस्त्रिणीनं ठरवलं. हिरवा जितका उघडा पडला तितका ठेवला, बाकी तेलाचा हात फिरवला. सायकल उभी राहिली ती अंगावर चट्टे असल्यासारखी. ती रोज पहाटे कॅरिअरला दोन क्रेट बांधून ढकलत नेऊ लागली. मानेला जरा उसंत मिळाली. पण ओढ्याचा चढ ढकलताना कंबर मोडायची ती मोडतच राहिली.

मिस्त्री म्हणाला, "परत येताना तर रिकामी असते ना? बसून का येत नाहीस?"

"ह्या वयात? हातपाय मोडले तर टोमॅटो कोण तोडेल, तुम्ही?"

"चल, मी धरतो."

ओढ्याकडच्या कच्च्या रस्त्यावर संध्याकाळी दोघं जाऊ लागली. तो कॅरिअर धरून मागून चालायचा. ती साडी खोचून बसायची, दोन पायडलं मारली की कलंडायची. एकदा तो तिच्यासकट पडला. त्याचा गुडघा फुटला, तिचं कोपर. धाकटी जाऊ दुरून बघत होती, पण त्या दिवशी हसली नाही. धावत येऊन दोघांना उचललं. "पुरे करा की आता," म्हणाली. मिस्त्रिणीलाही तेच वाटत होतं. अंग ठणकत होतं, दिवसभराचं रान अंगात होतं. पण तो कॅरिअर चाचपत उभाच राहिला, आणि ती पुन्हा बसली.

मग एका संध्याकाळी असं झालं की मागून येणारा पावलांचा आवाज तिला ऐकू येईनासा झाला. वारा कानाशी आला. ती ओरडली, "धरलंय ना? अहो, धरलंय ना?" उत्तर मागं राहिलं. सायकल चालली होती. मऊ, एका सुरात. थांबायचं कसं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून ओढ्याच्या वळणावर ती सरळ मक्याच्या रानात शिरली नि ताटांच्या अंगावर रेलून उभी राहिली.  तोंडात धूळ गेली होती. पडली नव्हती.

ती सायकल हातात धरून परत आली. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध होता, जिथं हात सुटला तिथंच. मागं की पुढं, कुठं जायचं ते कळत नव्हतं म्हणून हलला नव्हता. मान मात्र तिरकी करून ऐकत होता. ती जवळ आली तसं त्यानं हात पुढं केला, कॅरिअर सापडलं.

"मागच्या चाकात एक तार सैल आहे," तो म्हणाला. "टिकटिक वाजते. पडली नाहीस ना कुठं?"

"नाही."

"मग चल, आवळून टाकू."

"दमलेय हो मी. उद्या बघू की."

"उद्या कशाला? पाय उचल जरा," मिस्त्री म्हणाला. "अंधार पडला म्हणजे तुला दिसायचं नाही."