कुणाच्या वावानं?

धोंडीराम गवंडी सहा फुटी गडी, मूळचा सांगोल्याचा. तिकडे त्यानं विहिरी बांधल्या, म्हणजे सारी उमर खाली खाली गेला. सोलापुरात आला आणि गिरणीचं धुराडं बांधता बांधता वर वर गेला. शहर जवळ आलं की आधी धुराडीच दिसतात, आणि त्यात सगळ्यांत उंच आपलं, असं त्यानं सांगोल्याच्या बाजारात छातीठोक सांगून ठेवलं होतं.

पण शेजारच्या गिरणीचं धुराडं मैंदर्गीच्या रेवणप्पानं बांधलं होतं. माणूस चणीनं बुटका, बाता मात्र आभाळाएवढ्या. दोघांची जुंपली आणि पैज लागली. ज्याचं धुराडं ठेंगणं, त्यानं संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत बोडक्या डोक्यानं हिंडायचं. फेट्याशिवाय! धोंडीराम अंघोळीलासुद्धा फेटा जड मनानं उतरवायचा.

संक्रांतीच्या सकाळी दोघं आपापल्या धुराड्यावर चढले. दोरीला दगड बांधून खाली सोडला, तो जमिनीला टेकताच हातातल्या दोरीवर खूण करून तिथं ती तोडली. मग विहिरीची दोरी मोजतात तशी दोन्ही हात पसरून वावानं मोजली.

"सत्तावीस," धोंडीराम म्हणाला.

"तीस!" रेवणप्पा ओरडला.

धोंडीरामाचं तोंड उतरलं. दोरी खांद्यावर टाकून तो घरी आला आणि फेटा काढून बायकोच्या हातात दिला. त्याला खरोखर रडू येत होतं.

"हरलो, सोजर. आता सांगोल्याला तोंड कसं दाखवू?"

सोजरबाईनं विचारलं, "मोजलं कुणी?"

"त्याचं त्यानं, माझं म्या."

सोजरबाईनं नवऱ्याचे लांबलचक हात पाहिले आणि कपाळावर हात मारला. फेटा काखोटीला मारून ती त्याला तशीच गिरणीसमोरच्या मैदानात घेऊन गेली, रेवणप्पालाही दोरीसकट बोलावलं.

"भावजी, दोऱ्या शेजारी शेजारी टाका की."

टाकल्या. धोंडीरामाची चांगली हातभर पुढे गेली.

"अल्ला, अल्ला!" रेवणप्पानं कानडीत नाही नाही केलं. "पैज वावाची हाय. वावानंच ठरू द्या."

"मग मीच मोजते. म्हंजी दोगांस्नी वाव एकच." पदर खोचून तिनं हात पसरले. सोजरबाई रेवणप्पापेक्षाही बुटकी. धोंडीरामाची दोरी तेहतीस वाव भरली, रेवणप्पाची बत्तीस आणि वर थोडी.

रेवणप्पानं बोटांवर हिशेब केला. मग त्याचे डोळे चमकले. "तिसाचं बत्तीस! माझं दोन वाव वाढलं की!"

"माझं सहा वाढलं!" धोंडीरामानं त्याला मिठी मारली.

ही बातमी सगळ्या जगाला सांगायला दोघं गळ्यात गळे घालून जत्रेच्या गर्दीत शिरले. हरलेल्या रेवणप्पाच्या डोक्यावर फेटा दिमाखात होता.

"अवो, थांबा की!" सोजरबाई मागून धावत होती. जिंकलेल्याचा फेटा तिच्या काखेत होता.