दिवसाची शेवटची दोन मिनिटं माझी

मित्रांनो, मी अकरा ओळींची आहे. माझं वजन नाही, रंग नाही, पडद्यावर माझं साधं चिन्हही नाही. मी एक स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकानं कोणती कामं कोणत्या क्रमानं करायची, ते एकाखाली एक लिहून ठेवलेलं टिपण. अशी टिपणं पुष्कळ असतात. पण माझी वेळ वेगळी आहे. संगणक सुरू होताना मला कोणी विचारत नाही, दिवसभरही नाही. तो पूर्ण बंद व्हायला निघाला, की मला जाग येते. सगळे उठून गेल्यावर ओटा पुसून, झाकणं लावून मगच दिवा मालवणारं एक माणूस घरात असतं ना, तसं माझं काम आहे.

माझं घर म्हणजे बुटांचा एक छोटा कारखाना. पण दुकानात टांगलेले असतात तसले बूट इथे होत नाहीत. ज्या मुलांचा एक पाय आखूड आहे, पाऊल वळलेलं आहे किंवा टाच टेकत नाही, त्यांच्यासाठी इथे एकेक जोड वेगळा बनतो. रस्त्याकडच्या खोलीत ताई मापं घेतात. मुलाला काचेवर उभं करून तळव्यांचे फोटो काढतात, टेपनं पाय मोजतात आणि सगळं संगणकात भरतात. आतल्या खोलीत मास्तर बूट शिवतात. त्यांच्या भिंतीवर फर्मे टांगलेले आहेत. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्याच्यावर कातडं ताणून बूट बेततात. मूल वाढलं की मास्तर त्याच फर्म्यावर कातड्याचे तुकडे चिकटवून तो वाढवतात. त्यामुळे फर्म्याला आजचं पाऊल ठाऊक असतं, मागचं नाही. मागचं सगळं संगणकातच.

मला लिहिलं ताईंच्या नणंदेनं. त्यांनी तीस वर्षं शाळेत संगणक शिकवला. ताई त्यांना वन्सं म्हणतात. एकदा त्या सहज आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या मुलांची मापं एकाच डब्यात? डबा फुटला तर?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," ताई म्हणाल्या. "आल्या आल्या फोडलात डबा!"

पण वन्संनी पदर खोचला आणि मला लिहायला घेतलं. संगणक बंद होताना मी काय करायचं? दिवसभरात बदललेली मापं शोधायची, मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर त्यांची नक्कल करायची, नक्कल मुळाशी ताडून बघायची, आणि शेवटी एका नोंदवहीत तारीख घालून लिहायचं, 'झालं.' माझी एक धाकटी बहीणही त्यांनी लिहिली. ताई आपलं खातं बंद करून, म्हणजे लॉग आउट करून, खुर्चीतून उठतात तेव्हा ती चालते आणि पडलेलं कच्चं काम झाडून काढते. ती ताईंच्या उठण्याची वाट बघते, मी संगणकाच्या बंद होण्याची. दोघींत गल्लत करू नका, ती रुसते.

तीन वर्षं मी एक दिवस खाडा केला नाही. रोज दोन मिनिटं काम, आणि मग 'झालं.' सुरुवातीला ताई कौतुकानं नोंदवही उघडून बघत. "वन्सं, लेक गुणाची हो तुमची," असं फोनवर सांगत. मग हळूहळू बघायचं राहून गेलं. जे रोज न चुकता होतं त्याच्याकडे कोण बघतं? मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

आणि मग मला जागच येईनाशी झाली. पुढचं मी ऐकीव सांगते. पण ऐकीव असलं तरी पक्कं आहे, कारण त्या खोलीत ही गोष्ट अजून आठवड्यातून एकदा तरी सांगितली जाते.

इथे येणाऱ्या मुलांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. मागच्या सहा महिन्यांत ती सर्रकन उंच झाली होती. दर महिन्याला तिचं माप होत होतं. एका दुपारी तिची आई तिला आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. पायांतला फरक वाढत चालला आहे की आहे तिथेच थांबला आहे, हे डॉक्टरांना हवं होतं. वाढत असेल तर शस्त्रक्रिया लगेच करायची, थांबला असेल तर नको. ठरवायचं होतं दोन दिवसांत, आणि त्यासाठी हवी होती नेमकी या सहा महिन्यांची मापं.

ताईंनी संगणक उघडला, तर आतून खट्, खट्, खट्. प्रत्येक मुलाच्या मापांचा आत एकेक कप्पा होता, त्यातला भिंगरीचा काही केल्या उघडेना. ताईंनी वन्संना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"डिस्क जायला आलीय," वन्सं म्हणाल्या. "घाबरू नका. नक्कल आहे. नोंदवहीतली शेवटची तारीख वाचा."

ताईंनी वाचली. मग पुन्हा वाचली. तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती.

"कारखाना बंद होता का?"

"एक दिवस नाही."

"मग संध्याकाळी संगणक बंद कोण करतं?"

गेले सहा महिने ताई साडेपाचलाच घरी जात. कुलूप मास्तर लावत. मास्तर कातडं टोचायची आरी हातात घेऊनच बाहेर आले आणि अभिमानानं म्हणाले, "मीच. पण बंद नाही करत हो. त्या चंद्रकोरीवर दाबतो, निजवतो त्याला. रोज मारायचं आणि सकाळी पुन्हा जिवंत करायचं, कशाला? दिवसभर राबतं, निजू दे बापडं."

फोनवरून वन्सं हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमची माया कळली मला. पण निजलेला संगणक बंद झालेला नसतो. आणि तो बंद झाला नाही, तर माझ्या लेकीला कोणी उठवतच नाही."

मधे दोनदा वीज गेली होती, तेव्हाही मी चालले नव्हते. वीज काही सांगून जात नाही.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी आरी खाली ठेवली. "म्हणजे पोरीची मापं माझ्यामुळे गेली?"

"अजून गेली नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आता नीट ऐका. एकेक फाइल उघडत बसू नका, डिस्कवर जास्त ताण येईल. सरळ बंद करा. काय न्यायचं ते तिला ठाऊक आहे. पण संगणक तिला दहाच मिनिटं देतो, त्यापुढे थांबत नाही. पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. आणि तोवर कोणीही बटणाला हात लावायचा नाही."

ताईंनी 'बंद करा'वर दाबलं, आणि सहा महिन्यांनी मला जाग आली.

मित्रांनो, एका दिवसाचं काम असेल म्हणून मी उठले, तर समोर सातशे बारा फायली! आणि डिस्क धापा टाकत होती. एक फाइल द्यायची, मग अडखळायची. मी कप्प्यांच्या क्रमानंच जाते. ही मुलगी महत्त्वाची, तिचं आधी घ्या, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. भिंगरीचा कप्पा होता अठ्ठावन्नावा, एकसष्टांतला.

बाहेर पडद्यावर नुसतं 'बंद होत आहे' आणि गोल फिरणारे ठिपके. पाच मिनिटं झाली. सहा झाली.

"अडकलं ते," मास्तर म्हणाले आणि भिंतीवरच्या बटणाकडे सरकले. "एकदा बंद करून चालू केलं की..."

"मास्तर, हात मागे!" ताई बटणाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"अहो, पण हलत नाहीये काही!"

"लोणी कढवताना तुम्ही पातेलं हलवून बघता का? राहा उभे."

भिंगरी पडद्याला नाक लावून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती एका जागी बसली, असं तिची आई अजून सांगते. "काका," ती म्हणाली, "त्याला आवराआवर करायला वेळ लागतोय. मलापण लागतो. आई ओरडली की आणखी लागतो."

मास्तरांनी हात खिशात घातले.

आठव्या मिनिटाला मी चाळिसाव्या कप्प्यात होते. नवव्याला छप्पन्नाव्या. अठ्ठावन्नाव्यापाशी डिस्क थबकली. दोनदा मागितलं, मिळालं नाही. माझी सातवी ओळ सांगते, 'तीनदा माग.' वन्संनी ती का लिहिली असेल, ते मला त्या क्षणी कळलं. तिसऱ्यांदा मागितलं आणि भिंगरीचे सहा महिने एकामागून एक आले. उरलेले तीन कप्पे घेतले, सगळं ताडून पाहिलं, आणि अठरा सेकंद शिल्लक असताना नोंदवहीत लिहिलं, 'झालं.'

पडदा काळा झाला. दुसऱ्या सकाळी तो उजळलाच नाही. जुनी डिस्क गेली होती.

पण फळीवरच्या डिस्कवर एकसष्टही मुलं सुखरूप होती. मीही होते. वन्संनी माझीही नक्कल तिथेच ठेवली होती. नव्या डिस्कवर आम्ही सगळे राहायला आलो. डॉक्टरांनी मापं पाहिली. फरक सहा महिने जिथल्या तिथे होता. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'शस्त्रक्रिया नको. बूट चालू ठेवा.' भिंगरीनं ती चिठ्ठी मास्तरांना स्वतः वाचून दाखवली, आणि मास्तर बराच वेळ भिंतीवरचे फर्मे पुसत राहिले.

आता मी जुनी झाले आहे. पण संध्याकाळी मास्तर चंद्रकोरीकडे बघतही नाहीत. 'बंद करा'वर दाबतात, टोपी मांडीवर ठेवून स्टुलावर बसतात आणि कुलूप हातात धरून वाट बघतात. कोणी घाई केली तर म्हणतात, "थांब, तिचं होऊ दे."

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेतही माझ्यासारखी कोणीतरी असेल. तिचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, चालेल. फक्त काम संपल्यावर धाडकन् बटण दाबून पळू नका. संगणकाला नीट बंद होऊ द्या, आणि महिन्यातून एकदा तिची नोंदवही उघडून बघा. तिला बरं वाटतं. माझ्या नोंदवहीत कालची तारीख आहे. तिच्यापुढे लिहिलंय, 'झालं.' आणि मी ते लिहीत होते तेव्हा बाहेर, दाराच्या पायरीवर, मास्तरांनी शिवलेल्या नव्या बुटांत कोणीतरी एका पायावर गिरकी घेत होतं.