गाडी कुणाची

“आणि गाड्या? त्या काय आपोआप चालत आल्या?” आउस्ट्रामावशींनी विचारले.

वेल्गाने कागद खाली ठेवला. गावाला साडेसातशे वर्षे होणार म्हणून इतिहास लिहायचे काम ग्रंथालयातल्या वेल्गाच्या गळ्यात पडले होते. आज ती शेवटचे पान मावशींना वाचून दाखवायला आली होती. सायबेरियातून जिवंत परतलेल्यांपैकी आता त्याच उरल्या होत्या.

लात्वियातल्या आमच्या या गावाचा इतिहास तसा सोपा आहे. राजे बदलले, वेठ बदलली नाही. जर्मन सरदारांनी किल्ला बांधला तेव्हा दगड आमच्याच गाड्यांनी वाहिले. मग पोलिश आले, स्वीडिश आले, झार आला. प्रत्येकाने आधी मागितली ती घोडागाडी. हे सगळे वेल्गाने झकास लिहिले होते, स्वीडिश राजाच्या वेठीवर गेलेल्या गाडीवाल्यांच्या नावांसकट. एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चपाशी मात्र तिने हात आखडता घेतला होता. ‘सोव्हिएत शिपायांनी त्रेचाळीस जणांना सायबेरियाला धाडण्यासाठी गाड्यांतून स्टेशनवर नेले,’ एवढेच, आणि खाली त्यांच्या नावांची यादी.

“मावशी, तुम्हाला ठाऊकच आहे तुम्हाला नेलं ती गाडी कुणाची होती ते.”

“मला आहे गं. पुस्तकाला कुठंय?”

“बाबांवर बंदूक रोखली होती त्यांनी.”

“मग तेही लिही. तीनशे वर्षांपूर्वीच्या गाडीवाल्याचं नाव लिहितेस, आणि बापाचं लिहिताना शाई संपते होय?”

वेल्गाला रडू फुटले. बाप जन्मभर या घरासमोरून मान खाली घालून गेला होता. तिला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही येत होता. शेवटी तिने लिहिले, ‘त्यांतली एक गाडी फ्रिसिस ग्राउडिन्श याची.’

मावशींनी काळा पाव आणि लोणी तिच्यापुढे सरकवले. “आता आकडा सुधार. चव्वेचाळीस.”

“यादीत त्रेचाळीसच आहेत.”

“यादी शिपायांची. आमचं बाळ, माझा धाकटा भाऊ, वीस दिवसांचं, आईच्या शालीत होतं. त्याची नोंदच झाली नव्हती कुठं. तुझ्या बापानं पाहिलं. गाडीतलं गवत त्यानंच ओढून आईभोवती लावलं. पुढं आगगाडीत तिसऱ्या दिवशी गेलं ते. ते होतं, असं सांगणारी आता मी एकटीच.”

“नाव काय लिहू?”

मावशींनी लोण्याचे भांडे झाकले.

“ईस्टरला ठेवणार होतो.”

आठवड्याने छापखान्यातून फोन आला. यादीच्या चव्वेचाळिसाव्या ओळीत नुसतेच ‘मुलगा, वीस दिवसांचा’ आहे, नाव सुटलंय का?

“नाही सुटलं,” वेल्गा म्हणाली. “तसंच छापा.”